हात लावून बघणारी नेटी

नेटी बोयचुकला सगळं गाव नेटी बाबा म्हणतं. इकडे परदेशात, ह्या गावच्या लोकांच्या भाषेत, बाबा म्हणजे आजी. मला पहिली काही वर्षं ते फार जड गेलं, बाईमाणसाला बाबा म्हणताना हसू फुटायचं. आता ते तोंडात इतकं बसलंय, की साताऱ्याला गेले आणि भावानं वडिलांना ‘बाबा’ म्हणून हाक मारली की मला आधी नेटीच आठवते.

ती माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये कुंपण नाही. तिची बिटाची रांग संपते तिथं माझी मेथी सुरू होते. नवरा माइक जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी डार्लीन कॅलगरीला असते. नेटीचा जन्म गावाबाहेरच्या शेतावरचा, शाळा आठवीपर्यंत, मग गाई, लग्नानंतर पुन्हा गाई. आमच्या डोब्रोपोलमधल्या तिच्या वयाच्या कुठल्याही बाईबद्दल एवढं सांगता येईल. नेटीचं वेगळं इतकंच, की ती आमच्या चर्चमध्ये द्याक आहे.

फादर वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणतात, आणि लोकांच्या वतीनं गाऊन त्यांना उत्तर देतो तो द्याक. डाव्या अंगाला एक उंच लाकडी मेज असतं, त्याच्याशी उभं राहायचं. त्या त्या दिवसाचं शास्त्रातलं वाचनही त्यानंच सुरात म्हणायचं. पूर्वी हे पुरुषांचं काम होतं. जुने द्याक वारले तेव्हा एकही पुरुष पुढे येईना, म्हणून कमिटीनं नेटीला सांगितलं, दुसरा मिळेपर्यंत तू उभी राहा. दुसरा काही मिळाला नाही. डार्लीन तेव्हा पाळण्यात होती, आता तिला नातू आहे. नेटी मात्र स्वतःबद्दल अजून सांगते, “मी तात्पुरती आहे.”

मी त्या धर्माची नाही. माझे देव माझ्या स्वयंपाकघरात फळीवर आहेत. बागेत फूल असलं तर फूल वाहते, हिवाळ्यात अक्षता. पण रविवारी नेटीला गाडीनं न्यायचं असतं, आणि नेल्यावर थंडीत बाहेर कशाला बसायचं, म्हणून मी आत मागच्या बाकावर बसते. देवाचं नाव कुठल्याही भाषेत कानावर पडलं तरी त्यात वाईट काही नाही.

काचबिंदूनं नेटीचे डोळे हळूहळू नेले. आधी कडा गेल्या, मग अक्षरं पुसट झाली. फादर रोमन तिच्यासाठी वाचन मोठ्या टायपात छापून आणायचे. पुढे त्याहून मोठ्या टायपात. शेवटी एका कागदावर चार शब्द मावायला लागले, आणि हिवाळ्याच्या तोंडाला तेही दिसेनासे झाले.

गाणी तिला सगळी पाठ होती, त्यांना डोळे लागत नव्हते. पण वाचन दर रविवारी वेगळं असतं, ते कुठून पाठ असणार? मी वाचून दाखवते म्हटलं, दाखवायचेही. पण पाठ करायचं म्हणजे एकेक ओळ वीसदा ऐकावी लागते. लहानपणी संध्याकाळी परवचा म्हटलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण नेटीला संकोच वाटायचा. तिनं आयुष्यात कुणाला एक गोष्ट दोनदा सांगितली नव्हती, मग वीसदा मागणार कशी? तिसऱ्यांदा वाचलं की म्हणायची, “झालं पाठ. जा पोरी, तुझी भाजी करपेल.” आणि पाठ झालेलं नसायचं.

मग तिच्याकडे तो कॉम्प्युटर आला. रेजायनाच्या कुणा अंध गृहस्थाचा होता. ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं ओळखीतून पाठवला. तेव्हाही तो जुनाच होता, कपाटाएवढा जड. त्याला एक काचेची पेटी जोडलेली. काचेवर कागद पालथा घालायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं, की कॉम्प्युटर तो कागद माणसाच्या आवाजात वाचून दाखवायचा. कितीदाही वाचायचा. नेटी मला म्हणाली, “ह्याचं बरं आहे. हा उसासा टाकत नाही.”

डार्लीन म्हणत होती, नवा घेऊन देते. पण तो वाचणारा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हता, तो बनवणारे लोक केव्हाच दुकान बंद करून गेले होते. शिवाय त्याची बटणं नेटीच्या बोटांना सवयीची झाली होती. ख्रिसमसला डार्लीननं नवीन पद्धतीची गुळगुळीत पाटी आणली, तीही बोलायची. नेटीनं ती हातात उलटसुलट फिरवली आणि विचारलं, “ह्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे?” डार्लीन ती परत घेऊन गेली.

त्या जुन्या कॉम्प्युटरला खोड एकच होती. पूर्ण वेगानं चालवला तर चहाचा कप संपेपर्यंत छान, घडाघडा वाचायचा. मग मधेच कुठल्यातरी अक्षरावर अडकायचा, बाटलीत सापडलेल्या माशीसारखा ‘ज्ज्ज्ज्’ करत राहायचा, आणि मेल्यासारखा गप्प. सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून चालू करायला लागायचं.

त्यावर उपाय केला होता ओरेस्ट किंद्राचुकनं. ओरेस्ट टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेला, आणि डार्लीनच्या बाप्तिस्म्यातला धर्मपिता. मुलाचे आईबाप आणि धर्मपिता ह्या नात्यात बाईला ‘कुमो’ आणि पुरुषाला ‘कुमे’ अशी हाक मारतात. आपल्याकडे व्याही-विहिणींना एकमेकांची टर उडवायची मुभा असते ना, तशीच ह्यांनाही असते, आणि हे दोघं ती पुरेपूर वापरतात. ओरेस्टनं कॉम्प्युटर उघडला, आतल्या बोर्डावर दाण्याएवढी एक टोपी असते ती एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी बसवली आणि त्याचा वेग उतरवला. त्या वेगात तो बंद पडत नव्हता.

पण त्या वेगात एक पान गिळायला तो इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात नेटी बोर्श्टची, म्हणजे बिटाच्या सुपाची, सगळी भाजी चिरून मोकळी व्हायची. आणि वाचायला लागला तरी शब्द मधे मधे तुटायचे, शेपूट एका वाक्यात तर डोकं दुसऱ्यात. रविवारचं वाचन चार ओळींचं असतं, ते ती तशातूनही कसंबसं जुळवायची. कुठला तुकडा कुठं जोडायचा हे मला विचारायची, आणि त्या एका गोष्टीसाठी हाक मारायला तिला लाज वाटायची नाही.

अडचण आली ईस्टरच्या आधी. ईस्टरच्या आदल्या शनिवारी आमच्याकडे पुष्कळ वाचनं असतात, आणि त्यातलं एक फार लांब, चांगलं चार प्रकरणांचं. ते पहिल्यापासून नेटीचंच. बाकीची फादर आटोपतात. तुटक्या शब्दांत एवढं पाठ होणं शक्य नव्हतं.

ईस्टरआधी चाळीस दिवस उपासाचे असतात. ते सुरू झाले त्या आठवड्यात चर्च कमिटीची व्हर्ना नेटीला भेटायला आली. व्हर्ना वाईट बाई नाही. तिनं डोनट आणले होते, उपासाचे, दूध-लोण्याशिवायचे. ती म्हणाली की शनिवारचं लांब वाचन सीडीवर मिळतं, कुणा चांगल्या आवाजाच्या माणसानं म्हटलेलं. ते लावू. नेटीनं आता बसावं, खूप केलं तिनं. नेटी म्हणाली, विलोच्या रविवारी सांगते. म्हणजे चर्चमध्ये विलोच्या फांद्या वाटतात तो रविवार, ईस्टरच्या आठवडाभर आधीचा.

व्हर्ना गेल्यावर नेटीनं डोनटचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

“एकदा बस म्हणाले, की माणूस बसतोच,” ती म्हणाली. “माइकला डॉक्टर म्हणाले होते, ट्रॅक्टरवर नको, जरा बस. बसला. आणि मग उठलाच नाही. मी शनिवार सोडला की रविवारही जाईल, पोरी. कुणी काढून घेणार नाही. आपोआप जाईल.”

मी तिला आणि तिच्या कॉम्प्युटरला गाडीत घालून ओरेस्टकडे नेलं.

ओरेस्टचं काम त्याच्या तळघरात चालतं. लांब टेबल, वर दिवा, भिंतीवर हत्यारं ओळीनं टांगलेली. तो कामाला बसला की मनगटाला एक पट्टा बांधतो, पट्ट्याची तार पाण्याच्या नळाला जोडलेली. आमच्याकडे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की लोकरी कपड्यातून हात काढला तरी ठिणगी उडते, आणि तसली एक ठिणगी बोर्डाला पुरते. ओरेस्टनं हे टेलिफोन कंपनीत पाहिलं होतं. एका नवख्यानं नुसतं बोट टेकवलं आणि अख्ख्या रस्त्याचे फोन मुके झाले. तेव्हापासून त्याचा नियम होता, पट्टा फक्त त्याच्या मनगटाला, आणि बाकी कुणाचा हात टेबलावर येता कामा नये. त्याची बायको तळघरात चहा घेऊन येते तीसुद्धा पायरीवर ठेवून जाते.

नेटीला त्यानं स्टुलावर बसवलं. तिनं हात मांडीवर ठेवले.

“म्हातारा घोडा आहे हा, कुमो. चालीनं चालव. दौडवू नको,” ओरेस्ट म्हणाला.

“घोडा म्हातारा नाही. खुरात खडा आहे. तो तुला सापडत नाही.”

खडा शोधण्यात उपासाचे कितीतरी दिवस गेले. रेजायनाच्या त्या गृहस्थांकडे वाट दाखवणारा कुत्रा होता, त्याचे केस पंख्यात उशी भरता येईल एवढे निघाले. ते साफ केल्यावर ओरेस्टला वाटलं, झालं. वेग वाढवला, कॉम्प्युटर वाचायला लागला, चहा संपला, आणि ‘ज्ज्ज्ज्’. मग पंखा बदलला. मग प्रोसेसरखालचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून पाहिल्या. विजेची पेटी स्वतःच्या कॉम्प्युटरमधली काढून ह्याला लावली. दर वेळी थोडा वेळ आशा वाटायची, मग माशी बाटलीत. मला तो आवाज स्वप्नात ऐकू यायला लागला होता. ओरेस्ट शेवटी म्हणाला की प्रोसेसरच थकला असणार, त्याला औषध नाही, आणि टोपी पुन्हा कमी वेगावर बसवायला चिमटा उचलला.

“थांब,” नेटी म्हणाली. “तुला काय दिसतंय ते मला सांग.”

“बोर्ड दिसतोय.”

“कसा आहे?”

ओरेस्टनं विचार केला. “हिरवा.”

“वा. आता मला सगळं कळलं.”

मला हसू आलं, पण नेटी हसत नव्हती. तिनं मांडीवरचा हात उचलून टेबलाकडे नेला. ओरेस्टनं तो वरच्या वर धरला.

“हात नाही, कुमो.”

नेटीनं हात सोडवून घेतला नाही, तसाच त्याच्या हातात राहू दिला.

“इतके दिवस मी इथं येते,” ती म्हणाली. “तू बघतोस, ही बघते, तुझी बायको पायरीवरून वाकून बघते. मला म्हणतोस हात नाही. म्हणजे मी बघायचं नाही, असंच ना, कुमे?”

माझ्या मनात आलं, आपल्या भाषेत किती सोपं आहे हे. हात लावून बघ, चव घेऊन बघ, वास घेऊन बघ. आपलं बघणं सगळ्या अंगानं चालतं. त्यांच्या भाषेत तसं नाही, म्हणून इतके दिवस ओरेस्टच्या लक्षात आलं नव्हतं. तो भला माणूस आहे. पण आपण एका आंधळ्या बाईला दररोज डोळे मिटून बसायला सांगतोय, हे त्याच्या नियमात त्याला दिसलंच नव्हतं.

त्यानं तिचा हात खाली ठेवला. कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपसली, जराशानं बटण दाबून आत उरलीसुरली वीज असेल ती जाऊ दिली. मग स्वतःच्या मनगटाचा पट्टा सोडला आणि नेटीच्या मनगटाला बांधला. तिचं मनगट बारीक, पट्ट्याला भोकं पुरेनात, तेव्हा त्यानं वरून दोरा गुंडाळला. तिचं बोट धरून बोर्डाच्या कडेवर ठेवलं आणि आपण मागे सरकला.

नेटी सावकाश बघत गेली. मेमरीच्या पट्ट्यांना म्हणाली, “ही फणी.” प्रोसेसरवरच्या पात्यांना म्हणाली, “हे लसणाचं किसणं.” ओरेस्ट नावं सांगत होता, तिला नावांशी कर्तव्य नव्हतं. मग तिचं बोट प्रोसेसरशेजारच्या छोट्या डब्यांवर आलं. बोटाच्या पेराएवढे गोल डबे, ओळीनं उभे.

“हे काय?”

ओरेस्टनं सांगितलं, कपॅसिटर. विजेच्या टाक्या समज. प्रोसेसरला घोट घोट वीज पाजतात. सावकाश चालला तर घोट लहान, पळायला लागला की मोठे.

नेटीचं बोट त्या ओळीवरून पुढे गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.

“इकडच्यांचं झाकण सपाट आहे. ह्यांचं नाही.”

“सगळी सारखीच आहेत. मी भिंग लावून पाहिलंय.”

“भिंग तुझ्यापाशी ठेव. हा. हा. आणि हा कोपऱ्यातला. ह्यांना पोट आलंय.” तिनं कोपऱ्यातल्या डब्यावर बोट तसंच ठेवलं. “असा पिरोह माझ्यासमोर आला तर मी बाजूला काढते. हा पाण्यात पडला की उसवणार.”

गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्ही बायका पिरोहे करायला बसतो, बटाट्याचं सारण भरून, आपल्या करंजीसारखी कड दाबून. फक्त तळायचे नाहीत, उकळत्या पाण्यात सोडायचे. आत हवा राहिली किंवा सारण जास्त झालं, तर वरून दिसत नाही, पण पाण्यात सगळं उघडं पडतं. डोळे गेल्यापासून नेटी टेबलाच्या टोकाला बसते आणि प्रत्येक ताटावरून हात फिरवते. तिनं काढलेला पिरोह व्हर्नासुद्धा परत ताटात ठेवत नाही.

ओरेस्टनं दिवा खाली घेतला आणि बाजूनं धरला. वरून उजेड पडला की त्या चकचकीत झाकणांवर नुसती चमक दिसत होती. मग त्यानं लोखंडी पट्टी घेऊन एकेका झाकणावर आडवी ठेवली. सपाट झाकणांवर ती बसली. नेटीनं दाखवलेल्या तिन्हींवर डुगडुगली.

तो स्टूल ओढून बसला.

“हिरवा,” शेवटी तो म्हणाला. “मी तुला हिरवा म्हणून सांगत होतो.”

नवे डबे विनिपेगहून मागवावे लागले. ते आले त्याच्या आधी दोन रविवारांचं वाचन ओरेस्टच्या तळघरातच, टोपी कमी वेगावर ठेवून, तुटक्या शब्दांत ऐकलं. पण आल्यानंतरही ओरेस्ट बोलवेना. आज गाडीचं काम आहे, उद्या पाहुणे आहेत. विलोचा रविवार जवळ येत चालला आणि मला त्याचा राग यायला लागला. नेटीला मात्र राग आला नव्हता. ती म्हणाली, मला त्याच्याकडे ने, चहाला म्हणून ने.

आम्ही चहा प्यायलो. ओरेस्टच्या बायकोनं बशीत कप दिले होते.

“कुमे,” नेटी म्हणाली, “तुझा कप वाजतो.”

ओरेस्टनं कप खाली ठेवला. त्याची बायको खिडकीबाहेर बघायला लागली.

मग त्यानं सांगितलं. हात वर्षभरापासून कापतो. पंखा बसवणं, पट्ट्या बदलणं वेगळं. हे कथील वितळवून डाग देण्याचं काम, तापलेल्या टोकाचं. शेजारी शेजारी बारीक ठिपके असतात, एकाचा डाग दुसऱ्याला लागला की बोर्ड गेला. यॉर्कटनच्या दुकानात विचारून आला होता. तिथली मुलं म्हणाली, असलं आम्ही करत नाही, फेकून द्या. आणि कॉम्प्युटर त्याच्या हातून मेला, तर नेटीला तोंड कसं दाखवणार?

“मला तोंड दाखवायची काळजी करू नको,” नेटी म्हणाली. “चल खाली.”

पट्टा ह्या वेळी पुन्हा तिच्या मनगटाला बांधला, आणि त्याच्यासाठी त्याच्या बायकोनं नळापासून दुसरी तार आणून दिली. जुने डबे काढताना ओरेस्टनं दोन्ही कोपरं टेबलावर रोवली. घाम त्याच्या भुवयांवरून गळत होता, मी रुमाल घेऊन उभी होते. ते निघाले. मग नवा डबा. त्याला दोन पाय असतात, आणि उलटे बसले तर तो फुटतो. ओरेस्ट म्हणाला, लांब पाय कुठला ते बघ, तो आतल्या बाजूला. नेटीनं पाय बोटांत धरून बघितले, डबा भोकांत बसवला आणि बोटानं दाबून धरला. ओरेस्टनं खालच्या बाजूनं डाग दिला. तिनं बोर्डही दुसऱ्या हातानं असा धरून ठेवला होता, की त्याला फक्त टोक टेकवायचं उरलं. उष्णता पायातून वर डब्यात येते, तिचं बोट भाजत असणार. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं फक्त एकदा ओठ आत ओढले.

तिन्ही झाल्यावर ओरेस्टनं भिंगानं पाहिलं, आणि मग म्हणाला, “तू बघ.” तिनं बघितलं. “एक तिरका उभा आहे,” म्हणाली. “पण घट्ट आहे. राहू दे.”

टोपी पूर्ण वेगाच्या जागेवर बसली. नेटीनं काचेवर ते लांब वाचन ठेवलं, पहिलं पान. कॉम्प्युटर वाचायला लागला. आमचा चहा केव्हाच होऊन गेला होता, म्हणून ओरेस्टच्या बायकोनं नवीन केला, आणि तो पायरीवर न ठेवता खाली घेऊन आली. कुणी तो प्यायला नाही. मी माझ्या देवाचं नाव घेत होते. इंग्रजी वाचणाऱ्या यंत्रासाठी ते घेतलेलं चालतं की नाही, मी विचारलं नाही. ओरेस्टनं दोन्ही तळवे पेटीवर ठेवले होते, आजारी वासराच्या अंगावर ठेवतात तसे. पहिलं पान झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. आवाज चालूच होता.

“आता गप्प कर त्याला,” नेटी म्हणाली. “बाकीचं घरी ऐकते.”

विलोच्या रविवारी तिनं व्हर्नाला सांगितलं, शनिवारचं मी म्हणते. व्हर्ना म्हणाली, छानच. सीडीही जवळ असू दे म्हणाली, असावी आपली. नेटी म्हणाली, असू दे.

त्या आठवड्यात बर्फ वितळत होतं, मी खिडकी उघडी ठेवायची आणि नेटीच्या घरातून तो आवाज यायचा. तिनं तो इतका भरभर लावलेला असायचा, की मला शब्द कळत नसत, पत्र्यावर गारा पडल्यासारखं ऐकू यायचं. तिला ते नीट कळत होतं. मधेच तो थांबायचा आणि तिचा आवाज सुरू व्हायचा, सुरात. मग पुन्हा गारा. शुक्रवारी तिनं जेवणही केलं नाही. तो उपास होता की पाठांतर होतं, मी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये थोडीच माणसं होती. ओरेस्ट एरवी फक्त ईस्टरच्या खाण्याच्या टोपल्यांना फादरांचा आशीर्वाद घ्यायला रविवारी येतो, आज तो बायकोबरोबर पुढच्या बाकावर बसला होता. व्हर्ना खांबापाशी, सीडीचं यंत्र मांडीवर घेऊन. नेटी मेजाशी उभी राहिली. मी तिला तिथवर नेलं होतं, मग मागे आले.

तिनं सुरुवात केली. तिचा आवाज आता जाड झालाय, पण सूर जात नाही. पहिलं प्रकरण झालं, दुसरं प्रार्थनेचं आहे ते तिनं फार सावकाश म्हटलं. तिसऱ्यात एका वाक्याच्या मध्यावर ती थांबली.

लोकांना वाटलं श्वास घेतेय. मग सगळ्यांना कळलं की श्वास नाही. द्याकला कुणी शब्द सुचवत नाही, तशी रीतच नाही. फादर रोमन पाठमोरे उभे होते, ते वळले नाहीत. व्हर्नानं मांडीवरच्या यंत्रावर हात ठेवला, पण बटण दाबलं नाही, हे मी पाहिलं. ओरेस्ट बाकाची कड घट्ट धरून बसला होता.

तेवढ्यात नेटीचा उजवा हात मेजाच्या लाकडावर पुढे सरकला. वरच्या कोपऱ्यात तिनं बोट टेकवलं आणि हलकेच दाबलं. तिच्या कॉम्प्युटरवर मागचं वाक्य पुन्हा ऐकायचं बटण तिथं असतं. तिनं मान थोडी तिरकी केली. ते तिला कुठून ऐकू आलं ते देव जाणे. पण वाक्य पहिल्यापासून सुरू झालं, आणि ह्या वेळी मधे तुटलं नाही. तिसरं प्रकरण संपलं, चौथं संपलं. तिनं क्रूसाची खूण केली आणि मेजाला धरून उभी राहिली, फादरांना पुढचं उत्तर द्यायला.

सगळं आटोपल्यावर दरवाज्यापाशी व्हर्ना आली. सीडीचं यंत्र तिनं कोटाखाली घेतलं होतं. तिनं नेटीच्या हातात एक घडी घातलेला कागद दिला.

“पुढच्या रविवारचं आहे. तुला आधी लागतं ना?”

“लांब आहे?”

“नाही ग. थोडंसंच.”

नेटीनं कागद कोटाच्या खिशात ठेवला.

गाडीत ओरेस्ट आणि त्याची बायको मागे बसले, त्यांची गाडी मुलगा घेऊन गेला होता. आम्ही गाव ओलांडलं.

“मधे मी बंद पडले,” नेटी म्हणाली.

“ऐकलं मी,” ओरेस्ट मागून म्हणाला.

“माशीसारखा आवाज आला का?”

“नाही,” ओरेस्ट म्हणाला. “आणि वायर न उपसता चालू झालीस, कुमो. ते मला अजून कुठल्या यंत्राला जमवता आलेलं नाही.”

नेटी हसली. मग मला म्हणाली, वाटेत दुकान उघडं असेल तर थांबव पोरी, उद्याच्या टोपलीला मुळ्याचा किस करायचाय आणि घरात मुळाच नाही.